अर्धी गोळी

माझा उजवा हात गेला तेव्हा त्या हातात कात्री होती. एका ट्रक ड्रायव्हरला डोकेदुखीच्या चार गोळ्या हव्या होत्या आणि मी दहाच्या पत्त्यातून, म्हणजे स्ट्रिपमधून, चार कापत होतो. दोन कापल्या, तिसरीपाशी कात्री अडली. मी जोर लावला तर ती काउंटरवर पडली आणि तिथून खाली गेली. वाटलं, मुंग्या आल्या असतील. वाकून उचलायला गेलो. हात खाली पोचला, पण बोटं मिटेनात.

"भाई साब," ड्रायव्हर म्हणाला, "आपका मुँह टेढ़ा हो रहा है."

काही नाही, जरा थकवा आहे, असं मला त्याला सांगायचं होतं. तोंडातून जे निघालं ते ऐकून तो काउंटरच्या आत आला, मला स्टुलावर बसवलं आणि मागच्या दाराकडे बघून "भाभीजी" म्हणून हाक मारली. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे. माझी बायको वनिता कणकेच्या हातांनीच बाहेर आली. ड्रायव्हरने तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि सांगितलं, दहा वीस झालेत, ही वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं हेच विचारतील. त्याच्या वडिलांना असंच झालं होतं म्हणे. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याच्या ट्रकचं तोंड रायपूरकडे होतं, एवढंच आठवतं.

मी फार्मासिस्ट आहे. सडक अर्जुनीत हायवेला लागून सव्वीस वर्षं माझं मेडिकल आहे. मला काय होत आहे ते मला त्या स्टुलावरच कळलं होतं. मेंदूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती. ती कुठून आली हे मला माहीत होतं आणि का आली हेही. हे माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि माझी बोलती बंद झाली होती.

गोळी

शेजारच्या गॅरेजवाल्याने त्याची गाडी काढली. कोहमारा, गोरेगाव, मग गोंदिया. मागच्या सीटवर माझं डोकं वनिताच्या मांडीवर होतं आणि ती पदराने माझी लाळ पुसत होती. त्या वाटेवर माझ्या डोक्यात काय चाललं होतं हे कळायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी मला छातीत धडधड सुरू झाली होती. नागपूरला दाखवलं. हृदयाचे ठोके ताल सोडून पडतात, त्यामुळे आत रक्त साचून गाठ होऊ शकते, आणि ती सुटली तर थेट मेंदूत जाते, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली. रोज एक, जन्मभर. आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते कळतं. कमी पातळ झालं तर गाठ, जास्त झालं तर रक्तस्राव. या गोळीची वाट अरुंद आहे, हे मी स्वतः कित्येक गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं.

दोन वर्षं मी सगळं नीट केलं. मग एक दिवस ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं. आठवड्याने मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. अशा वेळी तपासणी करायची, डॉक्टरांना फोन करायचा, हे मी दुसऱ्याला सांगितलं असतं. स्वतः मात्र मी दुकानात उभ्या उभ्या ठरवलं की गोळी जास्त होते आहे. त्या दिवसापासून अर्धी घ्यायला लागलो. रक्त यायचं थांबलं. मला वाटलं, बघा, बरोबर ओळखलं. तपासणीला गोंदियाला जावं लागे, तीही सोडली. आठ महिने हे चाललं आणि मी वनिताला काही बोललो नाही. सांगण्यासारखं आहे असंच वाटलं नाही. गोळ्यांच्या बाबतीत त्या घरात मला विचारणारं कोण होतं?

पाणी

गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. नितीन, आमचा मुलगा, दारातच उभा होता. तोही फार्मासिस्ट. गोंदियात औषधांच्या एका होलसेल दुकानात कामाला होता आणि शहराला लागूनच कुडव्यात खोली घेऊन राहत होता. गाडीवरून तसाच आला होता, हेल्मेट अजून डोक्यावर होतं.

डॉक्टरीण वयाने लहान होती, नितीनहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पहिला प्रश्न ड्रायव्हरने सांगितलेलाच विचारला. वनिता म्हणाली, दहा वीस. डॉक्टरीण म्हणाली, बहुत अच्छा किया. गाठ विरघळवणारं एक इंजेक्शन असतं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे दुपारी तीनला दहा कमी. आमच्या हातात वेळ होता.

मेंदूचा फोटो निघाला. रक्तस्राव नव्हता, गाठच होती. मग माझं वजन विचारलं, कारण ते इंजेक्शन किलोच्या हिशेबाने देतात. वनिताने अंदाजे बहात्तर सांगितलं. डॉक्टरीण अंदाज ऐकायला तयार नव्हती. दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरून काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी भरलं. कमी दिलं तर गाठ तशीच राहील, जास्त दिलं तर मेंदूत रक्त होईल, असं ती नितीनला सांगत होती. मी ऐकत होतो. औषधाची मात्रा ठरवताना एवढी काळजी घेणारा माणूस मी तोवर जवळून बघितला नव्हता.

सिस्टर इंजेक्शन काढायला वळली, तेवढ्यात डॉक्टरिणीने विचारलं, घरी कोणती औषधं चालू आहेत?

वनिताने पिशवीतून माझी चिठ्ठी काढली. ती घाबरलेली होती, तरी हे सांगताना तिचा आवाज जरा वर आला, मला अजून ऐकू येतो. "रक्त पातळ व्हायची गोळी आहे. रोज घेतेत. तीन वर्षांत एक दिवस चुकले नाही. सोताच मेडिकलवाले आहेत ना."

डॉक्टरिणीने हात वर करून सिस्टरला थांबवलं. रक्त आधीच पातळ असेल तर हे इंजेक्शन जीव घेऊ शकतं. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय ते देता येणार नाही.

मी ओरडलो, नाही, अर्धी घेतो, रक्त पातळ नाही, द्या. मनात हे सगळं स्पष्ट होतं. तोंडातून निघालं, "पाणी."

पुन्हा जोर लावला. "पाणी. पाणी."

सिस्टर म्हणाली, पाणी देता येणार नाही, ठसका लागेल. वनिता रडायला लागली. यांना तहान लागली आहे, निदान ओठ तरी ओले करू द्या, म्हणून ती विनवू लागली. मी डावा हात उचलला, एका बोटाच्या मधोमध अंगठा लावला आणि तिला दाखवला. अर्धी. तिने तो हात धरला आणि आपल्या गालाला लावला.

तीन-चार वेळा मी ते बोट दाखवलं असेन. मग सिस्टरने सलाईन निघेल म्हणून हात कॉटला बांधला.

रिपोर्टला लागायचा तेवढा वेळ लागला, त्यात कोणाची चूक नव्हती. तो आला तेव्हा तीन वाजून गेले होते. नितीनने तो हातात घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मी वाचलं. माझं रक्त कुठल्याही निरोगी माणसासारखं होतं, अजिबात पातळ नाही. इंजेक्शन देता आलं असतं. आता वेळ टळली होती.

डॉक्टरिणीने नागपूरला फोन लावला. तिथे पायातून तार घालून गाठ काढतात. फोटो पाठवला, पण माझी गाठ बारीक नळीत होती, तिथे तारेचा उपयोग नाही असं उत्तर आलं. मग ती वनिताकडे आली आणि हळू आवाजात विचारलं, गोळी खरंच रोज घ्यायचे का?

"माह्या पोराची शपथ," वनिता म्हणाली.

डॉक्टरिणीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं असं मला वाटतं. मी डोळे मिटून घेतले.

सतरा दिवस

दवाखान्यात सतरा दिवस होतो. सकाळी सहाला अंग पुसणं, चादर बदलणं. दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर. लघवीची पिशवी. नाकात नळी, तिच्यातून पातळ पेज. उजवा हात आणि पाय माझेच होते, पण दुसऱ्या कोणीतरी माझ्या अंथरुणात ठेवल्यासारखे. झोपेत माझाच हात माझ्या अंगाखाली सापडला की मी दचकून उठायचो.

शब्दांचं सांगायचं तर ते मेले नव्हते, त्यांच्या जागा बदलल्या होत्या. चमचा मागायला जावं तर "गाडी" यायचं. वनिताला हाक मारायला गेलो की "कागद" निघायचं. मी चुकलो हे मला कळायचं, हे सगळ्यात वाईट. दवाखान्यात अंग पुसायला एक बाई येत, घरी पोवारी बोलणाऱ्या. त्या रोज एकेक वस्तू माझ्या तोंडापुढे धरून तिचं नाव घ्यायच्या, आधी पोवारीत, मग मराठीत, आणि माझं चुकलं की त्यांचंच काही चुकल्यासारखं पुन्हा सांगायच्या. हे त्यांचं काम नव्हतं.

नवव्या दिवशी वनिता माझ्या उशाशी बसून पुटपुटत त्रिशरण म्हणत होती. मी तिच्यामागोमाग म्हणायला लागलो आणि अख्खं म्हटलं, एक अक्षर न चुकता. तिला वाटलं मी बरा झालो. ती नितीनला बोलवायला धावली. तो आला आणि म्हणाला, बाबा, माझं नाव घ्या. मी म्हणालो, "बादली." डॉक्टरिणीने सांगितलं, लहानपणापासून पाठ असलेलं वेगळ्या जागी साठवलेलं असतं, ते राहतं. आपण स्वतः जुळवून बोलतो ते परत यायला महिने लागतील, सगळं येईलच असंही नाही.

नाकातली नळी निघाल्यावर गोळी सिस्टर तोंडाने देत असे. ठरलेल्या वेळी, पूर्ण. देऊन झाली की तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. एका मेडिकलवाल्याच्या जिभेखाली बघत आहेत याची मला लाज वाटली नाही, उलट जरा शांत वाटायचं.

घरी

नितीनने गोंदियाची नोकरी सोडली. दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं आणि मी काउंटरवर उभा राहू शकत नव्हतो. तो सडक अर्जुनीला परत आला. तो या गावातून आणि दुकानातून बाहेर पडला होता, आणि माझ्यामुळे परत आला. दिवसभर दुकानात गप्प असायचा, आणि जेवताना बोलला की आईला बोलायचा.

सुरुवातीला आडून बोलत असे. मग एक दिवस सरळ म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं एवढं छाती ठोकून सांगाले, रोज घेतेत म्हणून? तू चूप राहिली असती तर इंजेक्शन देलं असतं. आज बाबा चालून राहिले असते."

वनिता उठली. तिने ताट उचललं आणि आत गेली. तिच्या ताटातलं तसंच होतं. त्यानंतर तिचं जेवण कमी कमी होत गेलं. ती मला भरवायची, पुसायची, भिंतीला धरून चालवायची. मधेच थांबून स्वतःशीच म्हणायची, मी बोलली नसती तर.

इथे मला माझी खरी गोष्ट सांगायची आहे. दवाखान्यातून येऊन पाच आठवडे झाले तेव्हा मला हो, नाही, दे, नको, हे आणि असे पंधरा-वीस शब्द यायला लागले होते. डाव्या हाताने वेडीवाकडी अक्षरं काढता येत होती. वनिताचा दोष नाही, हे मी सांगू शकलो असतो. मी सांगितलं नाही. बोलता येत नाही हे कारण माझ्याजवळ तयार होतं आणि मी त्याच्या आड बसून राहिलो. आजाराने मला लाचार केलं, पण हे आजाराने केलं नव्हतं.

सांगायला लागलं ते वनिताची कंबर बघून. तिची साडी पहिल्यापेक्षा एक निरी जास्त घेत होती. सकाळी ती गोळी घेऊन आली तेव्हा मी ती तिच्या हातून घेतली, दातांनी मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी सदऱ्याच्या खिशात ठेवली. ती म्हणाली, हे काय करून राहिले? मी खिशावर हात मारला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मग म्हणालो, "रोज."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती कॉटच्या कडेला बसली.

"किती दिवसांपासून?"

मी डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मग तीन.

"महिने?"

"हो."

तिने माझ्या खिशाकडे बघितलं. "आन मी शपथ घेतली," ती म्हणाली. "पोराची."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भरवणं, धुणं, चालवणं सगळं वेळेवर, पण एक शब्द नाही. नितीनला तिनेच सांगितलं असावं. तो दुकानातून आत आला, दारात उभा राहिला आणि परत गेला. त्या दिवशी जेवताना त्याने आईच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिला. माफी वगैरे कोणी मागितली नाही. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही, आणि ते बरोबर होतं.

पार्बताबाई

सांगून टाकलं की हलकं वाटतं असं म्हणतात. माझं उलट झालं. आतापर्यंत मागे दाबून ठेवलेली दुसरी गोष्ट पुढे आली.

पार्बताबाई म्हणून एक म्हातारी माझ्याकडे गोळ्या न्यायला येत असत. आठेक किलोमीटरवरचं गाव, त्याचं नाव लिहीत नाही. त्यांना माझाच आजार होता आणि माझीच गोळी. मी त्यांना मावशी म्हणायचो. माझ्या आजाराच्या चार-पाच महिने आधी त्या काउंटरवर म्हणाल्या होत्या की नाकातून रक्त येते. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. मी पत्ता कापता कापता म्हणालो, मावशी, अर्धी घेत जा, मीही अर्धीच घेतो, मला काही झालं का?

त्यांनी लगेच ऐकलं. माझ्यावर विश्वास होता.

ते नाव सांगायला मला दोन दिवस लागले. "पावसाळा," "पाटी," "पाय," असं काहीबाही निघत होतं. शेवटी नितीनने पाटी-पेन्सिल दिली आणि मी "पार" एवढं काढलं. मग "अर्धी" लिहिलं. त्याने ते दोन शब्द वाचले, माझ्याकडे बघितलं, आणि जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून बसला. त्यात त्याला त्यांची चिठ्ठी सापडली. त्याच दुपारी दुकानाला कुलूप लावून तो गाडीने गेला.

परत आला तेव्हा अंगणात गाडी लावून तो तिथेच थोडा वेळ बसला. मग आत येऊन वनिताला सांगितलं, मला नाही. पण मी ऐकत होतो. पार्बताबाई गेल्या होत्या. मी गोंदियाला दवाखान्यात होतो त्याच दिवसांत. एका सकाळी उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हातारपण आहे, आता कुठे न्यायचं, म्हणून घरीच ठेवलं. चार दिवस होत्या. त्यांचा मुलगा देवाजी, पन्नाशीचा शेतकरी, त्याने नितीनला चहा पाजला होता आणि माझी चौकशी केली होती. म्हणाला होता, तुमच्या बाबांनी आमच्या आईकडे फार लक्ष दिलं, त्यांनी सांगितल्यापासून ती अर्धीच गोळी घेत होती, शेवटच्या दिवसापर्यंत.

"तू काय म्हटलं?" वनिताने विचारलं.

"काही नाई."

पुढच्या तपासणीला गोंदियाला गेलो तेव्हा मी नितीनला हे डॉक्टरिणीला विचारायला लावलं. त्या म्हातारीला अर्ध्या गोळीमुळेच झालं का? ती म्हणाली, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पूर्ण गोळी घेणाऱ्यांनाही कधी कधी होतं. मी मान हलवली. तिला वाटलं असेल की मी सुटकेचा श्वास टाकतो आहे. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "लेकिन आधी करने का हक़ आपका नहीं था. अपनी भी नहीं, उनकी तो बिल्कुल नहीं."

देवाजी

वनिता म्हणाली, जाऊ नका, म्हातारी परत येणार नाही आणि त्यांच्या मनात उगाच विष कालवल्यासारखं होईल. नितीन म्हणाला, नेतो. चार चाकांची गाडी सांगून त्याने मला नेलं. उन्हाळी धानाचे दिवस होते. बांधावरून पाणी फिरत होतं. देवाजी शेतातून नुकताच आला होता, पाय चिखलाने भरलेले. मला काठी टेकत येताना बघून तो धावत आला, दुसऱ्या बाजूने धरलं आणि अंगणातल्या खाटेवर बसवलं. त्याची बायको पाणी घेऊन आली.

मी घरी सराव केला होता. पाच वाक्यं. नितीनने रोज म्हणवून घेतली होती. तिथे बसल्यावर त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो, "मावशी. अर्धी. मी सांगितली." थांबून पुन्हा म्हणालो, "चूक. माझी."

देवाजीने नितीनकडे बघितलं. नितीनने त्याला सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. माझंही सांगितलं. देवाजी पायावरचा वाळलेला चिखल नखाने काढत ऐकत होता. नितीनचं झालं तरी तो काढतच राहिला.

मग म्हणाला, "आमाले वाटलं, तिचं वय झालं होतं."

त्याचा हात पायावरच थांबला.

"तुमी मले हे कायले सांगतलं?" तो मला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं. "मी सुखानं होतो ना."

  मी तिथे त्याच्यासाठी गेलो होतो की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याची बायको आत गेली आणि एक लहान डबा घेऊन आली. झाकण उघडून तिने माझ्यापुढे धरला. त्यात मोडलेल्या अर्ध्या गोळ्या होत्या, काहींचा पिवळा भुगा झालेला. सासूबाई उरलेली अर्धी कधी फेकत नव्हत्या, ती म्हणाली. औषध आहे, कोणाच्या तरी कामी येईल, म्हणत. "घेऊन जा तुमी," ती म्हणाली. "घरात लेकरं आहेत."

देवाजी आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला नाही.

आता

हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. एका दिवसात आठ-दहा ओळी होतात, आणि शब्द अडले की नितीन किंवा वनिता शोधून देतात. उजवा हात खांद्यापर्यंत उठतो, बोटं मिटत नाहीत. काठीने दुकानापर्यंत जातो. दर महिन्याला रक्त तपासतो. गोळी वनिता देते आणि मी गिळेपर्यंत उभी राहते. आता ती माझ्याशी बोलते, पण गोळ्यांबद्दल मी काही सांगितलं तर ते नितीनला विचारून घेते.

कोणाच्या घरी ही गोळी चालू असेल तर एवढंच सांगतो. ती कमी-जास्त केली असेल, चुकली असेल, सोडली असेल, तर घरातल्या एका माणसाला तरी ते माहीत असू द्या. तुमची वाचा जाईल तेव्हा तुमच्या वतीने तोच बोलणार आहे, आणि त्याला जेवढं ठाऊक असेल तेवढंच तो बोलेल.

गेल्या महिन्यात देवाजी दुकानात आला. मी काउंटरमागे स्टुलावर होतो. माझ्याकडे न बघता त्याने चिठ्ठी नितीनपुढे ठेवली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, त्याच्या स्वतःच्या, नव्यानेच सुरू झालेल्या. नितीनने पत्ता काढून दिला. देवाजी तो हातात धरून उभा राहिला.

"पुरी खाची का अर्धी?" त्याने विचारलं.

नितीन म्हणाला, चिठ्ठीत लिहिली आहे तेवढी, काका. कमी करायची असेल तर डॉक्टरला विचारा, आम्हाला नाही.

"तू नोको सांगू," देवाजी म्हणाला. आता तो माझ्याकडे बघत होता. "यायले सांगू दे."

मी तोंड उघडलं. आधी "पूल" निघालं. मग "पुडी." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. नितीन मदतीला पुढे वाकला, तर देवाजीने त्याला हातानेच थांबवलं. मला घाम फुटला. देवाजी पत्ता हातात धरून उभाच होता, घाई न करता, मी सांगितल्याशिवाय जाणार नाही असा.

"पुरी," मी म्हणालो.

त्याने पत्ता खिशात घातला आणि तो गेला.